काळी निगेटिव्ह

गच्चीवरची तापलेली टाकी. अकरा वर्षांचा अबोला. मे १९९१, हिंगोली डेपोत कळमनुरीच्या बसची रांग. माझ्यापुढे फोटो स्टुडिओवाले व्यंकटराव, आणि घरी स्वतः धुतलेली निगेटिव्ह हातात घेतलेला रविंद्र.

“सगळी काळी झाली, काका. फोटो जळला.”

“कोणाचा हाय?”

“आईचा अन् मावशीचा. अकरा वर्षं बोलत नव्हत्या. एका खाटेवर बसल्या म्हणून काढला. पुन्हा बसतील, भरवसा न्हाई.”

“धुताना पाणी कोणतं घेतलं?”

“गच्चीच्या टाकीचं.”

“मे महिन्यात? फिल्म धुतली का चहा टाकला? माठातलं घ्यायचं. अन् धुताना फिल्मचा डबा मधून मधून हलवला?”

“न्हाई. फिल्मला धक्का लागंल म्हणून जागचा हलू दिला न्हाई.”

“दही लावलं होतं काय रे? म्हणून हे पट्टे.”

“मंग गेला म्हणा.”

“गेला काहून? कोरी आली असती तर गेला असता. काळी म्हंजी उजेड जास्त खाल्ला, वरून गरम पाण्यात शिजली. जास्तीचं आवरता येतं. उन्हाकडं धर. दिसून राहिल्या का दोघी?”

“व्हय. दिसल्या. पण हा पट्टा?”

“तो मागच्या भिंतीवर हाय. तोंडं बराबर हायेत. छापताना लाईट जास्त वेळ ठेवतो. बुधवारी ये.”

“दोन कॉप्या काढा, काका. एक मावशीला.”

“मला तर हसून राहिल्यावाणी दिसतात.”

“हसत न्हाईत. उजव्या बाजूला कोण बसणार, त्यावर भांडत होत्या.”

फोटोच्या दिवशी सकाळी रविंद्रची आई अकरा वर्षांत पहिल्यांदा पुसेगावच्या आपल्या घरून मावशीच्या घरी गेली होती, तीही पायी.