अनसाबाईच्या हातची हळद

मंडळी, पेटी जरा थांबू द्या. एक विचारते. न कळून केलेलं पाप मोठं, की सगळं कळत असताना गप्प बसलेलं? लगेच उत्तर नको. घाईत दिलेलं उत्तर नेहमी शेजाऱ्याबद्दल असतं. आधी ऐका.

लोणंदला बाजारामागच्या आळीत अनसाबाई राहायची. नवरा गेला तेव्हा लेक पाळण्यात. बाईनं करावं काय? तिनं धुण्याची पावडर करायला घेतली. रिठे उन्हात वाळवायचे, कुटायचे, साबणाची वडी किसायची, त्यात धुण्याचा सोडा कालवायचा. तेव्हा आजची चकचकीत पाकिटं नव्हती. होती ती परवडत नव्हती. अख्खी आळी डबे घेऊन हिच्या दारात! "अनसाबाई, तुझ्या हाताला गुण आहे गं," असं बायका म्हणायच्या. गुण लुगड्यांना, सोडा हातांना — तळवे भेगाळून गेलेले, भाकरी थापताना मीठ झोंबायचं.

लेक मोठी झाली. कमळ तिचं नाव. गावातलंच स्थळ आलं. आता अनसाबाईची एकच इच्छा — लेकीच्या गालाला आपल्या हातानं एक बोट हळद लावावी. फार मागितलं का? पण ती विधवा. विधवेनं हळद लावायची नाही. कुणी सांगितलं? देवानं. देवाला विचारायला कोण गेलं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

उष्टी हळद घेऊन वराकडच्या बायका आल्या. पुढे नवऱ्या मुलाची आत्या, गोदाक्का — पावडरीचं जुनं गिऱ्हाईक बरं का. सुवासिनींनी हळद लावली. मग कमळ म्हणाली, "आता आई लावेल."

गोदाक्का गोड हसली. "पोरी, आईनं लांबून आशीर्वाद दिला तरी पोचतो."

"मग तुमची हळदही लांबूनच पोचली असती, आत्याबाई."

अशी लेक! तिनं आईचा हात ओढला, हळदीत बुडवला आणि आपल्या गालावर ठेवला. अनसाबाईनं पहाटेच पाहुण्यांच्या धुण्यासाठी पावडर कालवली होती. भेगांत सोडा बसलेला. तिनं हात काढला — आणि गालावर चार बोटं लाल उमटली. कुंकवासारखी लाल.

"रक्त उतरलं गं बाई," गोदाक्कानं कपाळाला हात लावला. "विधवेचा हात लागला आणि हळदीचं रक्त झालं! ही मांडवात असेल तर आमचा मुलगा बोहल्यावर चढायचा नाही."

अनसाबाईनं आजूबाजूला पाहिलं. आळीतल्या सगळ्या तिथंच होत्या. रोज हिच्याच पावडरीनं धुणाऱ्या. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे यातल्या कुठल्या बाईला ठाऊक नव्हतं? एकीनं पदर नीट केला. एक बांगड्या मागेपुढे करत बसली. एकीला एकदम चुलीवरची आमटी आठवली.

अनसाबाई बोलायला गेली. मग लेकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. वाद घातला तर लग्न मोडणार, आणि मोडलेल्या लग्नाची मुलगी घरात जन्मभर. ती उठून मागच्या खोलीत गेली. मंगलाष्टकं तिनं भिंतीतून ऐकली. लोक सावधान म्हणाले तेव्हा मुठीतल्या अक्षता तिनं रिठ्याच्या पोत्यावर टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोण? गोदाक्का. काखेत गाठोडं.

"अनसाबाई, हळदीची लुगडी आहेत. तुझ्या पावडरीशिवाय निघायची नाहीत. आधी लाल होतील, दचकू नकोस. उन्हात टाकलीस की डाग उडतो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, अक्का."

"अगं, हे कुणाला ठाऊक नसतं?"

अनसाबाईनं गाठोडं घेतलं. लेक आता त्यांच्या घरात होती ना. बादलीत पावडर टाकली, लुगडी बुडवली. पाणी लाल झालं. ती धूत राहिली.

तर आता, ज्यांना हळदीच्या डागाचं हे ठाऊक आहे, त्यांनी हात वर करा. लाजू नका. पुरुषांनो, तुम्हीसुद्धा, घरात बघितलेलं असतं. आणखी वर. मागच्यांनीही.

एवढे हात. त्या मांडवातही एवढेच होते.

घ्या खाली. आणि आता देवाचं नाव घ्यायला टाळी वाजवाल, ती याच हातांनी वाजवा.