हवा मोजायचा डबा

—तिथं नको उभी राहूस, मुली, तिथं धग सरळ तोंडावर येते. अशी इकडं ये, माझ्या बाजूला, या मातीच्या बांधाआड. बस त्या पालथ्या टोपलीवर. आणि तो डबा खाली ठेव, कुणी नेत नाही इथं. हवा मोजायचा ना? ओळखला मी. मागचा करडा होता, हा पांढरा आहे, एवढाच फरक—त्यालाही असाच बारीक हिरवा दिवा होता. ओसारो मास्तरांनी आणलेला, तुझ्याच विद्यापीठातले. किती वर्षं झाली? माझी नात तेगा आता तीनची, म्हणजे तीन, आणि वर थोडे महिने. बोलते की, बोलायला काय जातंय—फक्त हात चालू ठेवून बोलते हां, गारी मधूनमधून उलटावी लागते.

तुम्ही शहरातली माणसं या आगीला काय म्हणता कुणास ठाऊक, आम्ही मोठी चूल म्हणतो. जमिनीतून तेलाबरोबर जो वायू वर येतो तो तेल कंपनीला नको असतो, मग देते पेटवून. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही ही जळतच होती, आणि त्यानंतर एक दिवस विझलेली मी बघितली नाही. कसाव्याचा कंद सोलायचा, भिजवायचा, कुटायचा, पोत्यात भरून दगडाखाली दाबायचा, मग त्याचे हे असे खडे करून वाळवायचे, की झाली गारी—उन्हात ठेवलं तर दोन-तीन दिवस, आणि ऊन असतं कुठं आमच्याकडं, बारा महिन्यांतले आठ-नऊ पावसाचे. चुलीपुढं सकाळी पसरलं की दुपारी कडकडीत. वारी शहराच्या बाजारात आमचीच गारी आधी उचलतात. अकरा बायका आहोत, प्रत्येकीची जागा ठरलेली. ही माझी, माझ्याआधी सासूची. ती पलीकडची मोकळी दिसते ना—आहे ती एकीची. असू दे.

तर डबा. मास्तर भला माणूस. माझं घर चुलीला सगळ्यांत जवळ, म्हणून माझ्या ओसरीवर टांगला. म्हणाले, "मावशी, वीस दिवस याला हात लावायचा नाही. दिवा तेवढा बघत जा." मी म्हटलं बरं. एका कागदावर अंगठा घेतला, तोही दिला. आणि लावला का हात? आता काय विचारतेस—नाही, थांब, लिहू नकोस. ती वही आधी खाली ठेव. हां, अशी.

त्याच दिवशी बायका आल्या माझ्या दारात. बेनेडिक्टा आमच्यात थोरली, तिची जीभ म्हणजे तुला सांगते, कसावा सोलायला सुरी लागत नाही. म्हणाली, डब्यात वाईट आकडा निघाला की कोर्ट चूल बंद करणार, मग आपण काय पसरायचं इथं, आपली हाडं? आणि डबा कुणाच्या ओसरीवर, तर हिच्या. उद्या अकरा घरांच्या पोटावर पाय येईल तो हिचा. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा टोपलीत घातला, वर केळीची पानं टाकली आणि होडीतून नदीपलीकडं भावाच्या शेतावर नेला. तिथल्या ताडाला बांधला. तिथं वारं असतं छान. दिवस मावळायच्या आत परत ओसरीवर—तो मोजायचा दिवसाच, मास्तरांनी सांगितलं होतं. वीस दिवस, एकही खाडा नाही. दिवा मी एकदाही विझू दिला नाही, त्या बाबतीत मी चोख—मास्तरांनी कौतुकसुद्धा केलं. कळत नव्हतं का काय करतेय ते? कळत होतं म्हणून तर नेत होते.

मग चर्चच्या मांडवात सगळ्यांना बसवून निकाल वाचला. हवा चांगली आहे. खोटं नव्हतं ते, पलीकडची हवा चांगलीच आहे. कंपनीच्या माणसानं बिस्किटं वाटली, थंड बाटल्या वाटल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ओरेवा माझ्या मागच्या बाकावर होती—माझी लेक, एकुलती एक. सहावा महिना. टाळ्या थांबल्यावर मला तिचा श्वास ऐकू आला, छातीत बारीक शिट्टी वाजल्यासारखा. ती मोकळी जागा तिचीच. सांगणार नव्हते, आलं तोंडातून.

वारीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, हिला त्या आगीपासून लांब ठेवा. आणि तो डबा कशासाठी होता माहितेय? आकडा वाईट आला तर चुलीजवळची चार घरं कंपनी उचलून नदीकडं बांधून देणार होती, त्यासाठी. चारांतलं पहिलं माझं. मास्तरांनी हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की. मला बेनेडिक्टाचं ऐकू आलं, त्यांचं नाही आलं. मग चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी कंपनीच्या फाटकावर गेलो. तिथला बाबू वाईट नव्हता, खुर्ची दिली ओरेवाला. कागद काढून म्हणाला, बाई, डबा तुमच्याच ओसरीवर होता, वीस दिवस जागचा हलला नाही असं लिहिलंय, आणि हा अंगठा तुमचाच ना? मी म्हटलं, माझाच. ओरेवा शेजारी बसलेली. तिला ठाऊक होतं, माझा गुडघा धरला होता तेव्हा दोन दिवस तीच होडी वल्हवत डबा पलीकडं घेऊन गेली होती. एक शब्द बोलली असती तर—नाही बोलली. आईची लाज राखली. "चल, आई" म्हणाली, तेवढंच.

भावाकडं का नाही ठेवली म्हणतेस? ठेवली होती. आठ दिवस राहिली, शिट्टी कमी झाली होती. मीच बोलावून घेतलं. मोठ्या बाजाराचा आठवडा होता, पसरायला दोन हात कमी पडत होते. आली बिचारी. तेगा झाली, आणि सतराव्या दिवशी ओरेवा गेली. कागदावर छातीचं दुखणं लिहिलंय. मी रडले असं लोक सांगतात, मला आठवत नाही. मला आठवतं की तिसऱ्या दिवशी मी इथं येऊन गारी पसरली आणि ती नेहमीसारखी वाळली. मी उभी राहून बघत होते, म्हटलं आज तरी वाळायची नाही. वाळली. तेव्हापासून असंच आहे बघ, मला गरम लागत नाही, गार लागत नाही. बायका म्हणतात, कातडी घट्ट झाली हिची.

ऐकलास तो खोकला? ती तेगा. त्या माझ्या घरात झोपलीय. सर्दी नाही ती, मुली, सर्दी मला कळते. मागच्या पावसापासून आहे.

तुझा डबा लाव तू. पण ओसरीवर नको. तुला काय वाटतं, एवढं सगळं झाल्यावर मी सुधारले? आता बेनेडिक्टानं तुला बघितलंय, ती येणार, चार शब्द बोलणार, आणि उद्या सकाळी माझे हात टोपली उचलतील. मला ठाऊक आहेत माझे हात. तो पाण्याच्या टाकीचा लोखंडी खांब दिसतो का, माझ्या घरामागं? त्याच्या टोकाला लाव. साखळी असेल तर साखळीनं लाव. शिडी मिळेल चर्चमध्ये, पाद्रीबाबांना माझं नाव सांग. आणि अंगठा दुसऱ्या कुणाचा तरी घे.

ऊठ आता, ती शेवटची ओळ उलटायची राहिलीय माझी. आणि हे बघ—काम झालं की शिडी इथं ठेवू नकोस. जाताना घेऊन जा.