शेवटच्या गाडीचा गोळा

ऐका. आणि मध्ये कोणी तोंड घालू नका, क्रमानंच सांगते.

बोरखेड ते कवठा, अकरा किलोमीटर. तिथून एके काळी छोटी रेल्वे धावायची, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला कपाशी. रेल्वे बंद पडली, रूळ उचलून नेले. खडीचा भराव तेवढा राहिला, त्याची झाली सायकलची वाट. पलीकडच्या काठानं कवठ्याला जायचं, लोखंडी पुलावरून नदी ओलांडायची आणि भरावावरून बोरखेडला परत. एक फेरा पुरा. इतकी देखणी वाट की शहरातली माणसं मुद्दाम येतात. दिवसा. दिवसाच.

बोरखेडपासून दोन किलोमीटरवर मात्र भराव तुटलेला आहे. तिथं वाट खाली ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढते. तो कसा तुटला, म्हणून म्हाताऱ्यांना विचारलं तर म्हणायचे, पुरात गेला. बस. पुढं एक शब्द नाही.

तर या बोरखेडची कांचन ढोके. बी. एस्सी. झालेली, जिभेनं तिखट. आजोबा याच रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या चाळीतली पोरं एक खेळ खेळायची. ही एकेरी लाइन, म्हणून ड्रायव्हरला स्टेशनातून एक लोखंडी गोळा मिळायचा, चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेला. गोळा हातात नसेल तर गाडी एक फूट हलायची नाही, आणि पुढच्या स्टेशनात तो परत द्यायचाच. पॉइंटमन फलाटावर कडं धरून उभा राहायचा, चालत्या गाडीतून ड्रायव्हर त्यात हात घालून ते ओढून घ्यायचा. पोरं तेच करायची. एकानं जुना टायर धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं भरधाव सायकलवरून येऊन डावा हात आत घालायचा. कांचनचा हात कधी चुकला नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मार्गशीर्षातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिच्या कॉलेजच्या अकरा मुली रात्रीचा फेरा मारायला येणार होत्या. कांचननंच बोलावलेल्या. तर बंद स्टेशनाच्या कट्ट्यावर बसणारी म्हातारी मंडळी उठून घरी आली, पोरी आणू नको म्हणाली. सगळ्यांत पुढे उकंडराव, रुळांची राखण करणारा जुना गँगमन, ऐंशीच्या घरातला.

"काहून नाही आणायच्या, आबाजी?"

"नाही म्हटलं ना व."

"नाही म्हणणं म्हणजे कारण सांगणं नव्हे."

उकंडरावानं मान खाली घातली. बाकीच्यांनी घसा खाकरला. कांचनचं डोकं फिरलं. आयुष्यभर हेच ऐकलं होतं तिनं. इकडे जाऊ नको, तिकडे बसू नको, आणि का विचारलं तर घसा खाकरायचा. दिवेलागणीला तिनं सायकल काढली. एकटीनं फेरा मारून येते, मग बघू कोण अडवतं, असं आईला सांगून निघाली.

पलीकडच्या काठानं कवठ्यापर्यंत काही झालं नाही. पूल ओलांडला तोवर पुरता अंधार पडला होता. कवठ्याच्या स्टेशनाला छप्पर नाही, दार नाही. फलाट तेवढा आहे. ती फलाटाजवळ आली आणि घंटा वाजली.

घंटा कुठून? कवठ्याची घंटा चोरीला जाऊन वर्षं झाली होती.

कांचननं पेडल जोरात मारलं. तर समोर हिरवा दिवा लागला, उंचावर, सिग्नलच्या जागी, जिथं खांबसुद्धा नाही. आणि फलाटाच्या टोकाला एक माणूस. निळा सदरा. हात लांब केलेला. हातात कडं.

आता तुम्ही म्हणाल, घ्यायचं कशाला? अहो, तिनं घेतलं नाही. हातानं घेतलं. लहानपणापासूनची सवय ती. तिला कळायच्या आत डावा हात हँडलवरून सुटला, कड्यात गेला आणि कडं खांद्याशी येऊन बसलं. जड. गार. त्यातून पाणी गळत होतं.

काढायला गेली, निघेना. मागं वळून पाहिलं, फलाट रिकामा.

ती सुटली. दहाचा दगड गेला. नऊचा गेला. आठचा गेला. पुढं परत नऊचा. तिला वाटलं, चुकलं बघण्यात. आठ, आणि पुन्हा नऊ. तीन वेळा नऊचा दगड, तीन वेळा तेच वाकडं बाभळीचं झाड. चौथ्यांदा कडं तिनं पोटाशी घट्ट धरलं, तेव्हा कुठं सात आला. म्हणजे ते टाकून द्यायचा विचार मनात आला की वाट मागं जायची. नेते म्हटलं की पुढं.

मग सायकल जड झाली. कॅरिअरवर कोणीतरी बसलं होतं. पाठीला ओलं लागलं.

"बाई, बोरखेड आलं का?"

म्हातारीचा आवाज. अगदी साधा, गाडीत शेजारीण विचारते तसा. कांचन पेडल मारत राहिली. मग दुसरा आवाज, बाप्याचा. मग लेकरू रडायला लागलं, त्याला कोणीतरी गप्प करत होतं. एका कॅरिअरवर किती बसतील? पण बसले होते. सगळे ओले, आणि सगळ्यांचं एकच, बोरखेड आलं का.

पाचचा दगड. चारचा. तीनचा. आणि खडीवर रूळ दिसायला लागले, सायकलच्या दिव्यात चकचकणारे. तुटका भराव जवळ आला हे तिला ठाऊक होतं. पण भराव तुटलेला नव्हताच! सरळ, सपाट, अखंड पुढं गेलेला. रुळांसकट. खाली उतरायची पायवाट गायब. मागून इंजिनचा धापा टाकणारा आवाज, आणि पेडल न मारता सायकल धावत होती.

तेवढ्यात समोर लाल दिवा हलला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

गार्डाची नात ती. लाल दिसलं की थांबायचं, हेही हाताला ठाऊक होतं. दोन्ही ब्रेक दाबले. सायकल आडवी घसरली आणि थांबली. पुढचं चाक हवेत फिरत होतं. रूळ नाहीत, भराव नाही. खाली पंचवीस फूट ओढा.

पलीकडच्या काठावर उकंडराव, हातात रेल्वेची जुनी हातबत्ती. कांचनच्या आईनं सांगितल्याबरोबर निघाला होता. ओढा उतरून, चढून, धापा टाकत तो तिच्यापाशी आला. कड्याकडे बघितलं आणि खालीच बसला.

तेव्हा त्यानं सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी, पुराच्या रात्री, भरावावर फिरून लाल बत्ती दाखवायची पाळी त्याची होती. पाऊस फार म्हणून तो झोपडीतून निघालाच नाही. कवठ्याचा पॉइंटमन गुलाब, त्यानं गोळा दिला, गाडी सुटली, ती माणसांसकट इथं ओढ्यात गेली. गोळा सापडला नाही. गुलाब त्या गोळ्याची वाट बघत फलाटावरच मेला. कट्ट्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून उकंडरावाला झाकलं.

"चाळीस वर्षं," कांचन म्हणाली. "आणि आम्हाला नुसतं जाऊ नको?"

"तोंड नव्हतं व सांगाले. दे इकडे."

"मग तुमचं काय होईल?"

"गोळा पुढं पोचला नाही तर दिला तिथंच परत द्या लागते, पोरी. हात पुढं कर."

तिनं हात पुढं केला. उकंडरावानं आपला डावा हात घातला आणि कडं अलगद निघून त्याच्या खांद्यावर गेलं. मग तो सायकलच्या मागच्या अंधाराकडे वळला.

"बोरखेड आलं. उतरा."

सायकल हलकी झाली. ओली पावलं एकेक करून तिच्या शेजारून गेली. एक गार पदर तिच्या मनगटाला लागला. लेकरू रडायचं थांबलं होतं. पावलं पुढं गेली, जिथं भराव नाही तिथून, सरळ, बोरखेडकडे. ओढ्यात एक खडासुद्धा पडला नाही. उकंडराव मात्र बत्ती घेऊन उलट निघाला, कवठ्याकडे. तिनं हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं लांबवर एकदा घंटा वाजली.

सकाळी सगळे कवठ्याला गेले. उकंडराव सापडला नाही. फलाटावर हातबत्ती उभी ठेवलेली होती, काच अजून कोमट. कांचननं अकरा मुलींना बसस्टँडवरच सगळं सांगितलं, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांसमोर. एकानंही घसा खाकरला नाही.

गोळा पोचला, मग मिटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मिटलेलं नाही. माघात दोन जण अंधारात तिकडून आले, त्यांना कवठ्याच्या फलाटावर दोघं दिसले. एकाच्या हातात बत्ती, एकाच्या हातात कडं. तेव्हा दिवस मावळल्यावर त्या भरावावर चढू नका. अडकलातच तर एकही हात हँडलवरून काढू नका, आणि लाल दिसलं की थांबा. नदीकाठी फिरायला वाटा पुष्कळ आहेत. त्या वाटेनं रात्री जायचं नाही. आणि का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.