आम्ही राहुरीला गेलोय

आणि तुम्हीही नेमकं तेच विचारलंत! 'कुठल्या खोलीत राहतेस गं तू?' अहो, जगातला सगळ्यात सोपा प्रश्न, बालवाडीतल्या पोराला विचारला तरी ते बोट दाखवेल, आणि मी दहावीत असून मला उत्तर देता येत नाही! म्हणजे येतं… पण सांगायचं नाहीये. आईनं गळ्याची शपथ घातलीय. शाळेत मी 'हजर'सुद्धा इतकं हळू म्हणते की बाई मला गैरहजर लावून मोकळ्या होतात, त्यामुळं माझ्या तोंडून काही बाहेर जाईल अशी भीती कुणालाच नाही. पण तुम्हाला सांगते, न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात फार साठतं हो! बसा इथंच पायरीवर. गच्चीकडं फारसं कुणी येत नाही, म्हणून तर मी इथं अभ्यास करते.

तर ही आमची इमारत म्हणजे घरकुल. नाल्याकाठची झोपडपट्टी उठवली आणि ज्याची झोपडी त्याला चिठ्ठी काढून इथं खोली दिली. आम्हीही तिथंच होतो. पण भाड्यानं! हो, झोपडीतही भाडेकरू असतात, तुम्हाला काय वाटलं? झोपडी मच्छिंद्रकाकांची, राहायचो आम्ही. मग घर कुणाला? मच्छिंद्रकाकांना! आणि आम्हाला? आम्हाला 'बाजूला व्हा, जेसीबी येतोय.' त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बाबांच्या टेम्पोत काढले. बाबा दिवसा मार्केट यार्डात कांदा वाहायचे आणि संध्याकाळी तोच टेम्पो आमचं घर. माझ्या गणिताच्या वहीला अजून कांद्याचा वास येतो, खोटं नाही सांगत.

आता मच्छिंद्रकाकांचा धंदा म्हशींचा. त्यांना साहेबांनी किल्ली दिली, नारळ दिला, दारात उभं करून फोटो काढला… म्हशींचं कुणी विचारलंच नाही. तिसरा मजला! काकांनी एक म्हैस चढवूनही पाहिली म्हणे. पहिल्या वळणावर बसली ती. वरची माणसं वर, खालची खाली, निम्मी इमारत दुपारपर्यंत अडकली! शेवटी काकांनी केडगावच्या पुढं गोठा बांधला, गोठ्याला लागून पत्रे ठोकले, आणि खोली आम्हाला भाड्यानं दिली. म्हणजे ज्यांना घर मिळालं ते गोठ्याशेजारी, आणि ज्यांना नाही मिळालं ते घरात! मग मला सांगा, मी राहते कुठं?

तरी बरं चाललं होतं हो. पण नियम असा की घर ज्याच्या नावावर त्यानंच राहायचं. दुसरं कुणी सापडलं की खोली सील. आणि एक दिवस खालून आवई आली, तपासणीच्या मॅडम उद्या येणार! झालं. सकाळी रुपालीकाकू, म्हणजे मच्छिंद्रकाकांची बायको, आणि तिची सासू गोजरबाई हजर. गोजरबाई मजल्यागणिक टेकत टेकत आली. "आरं देवा, ह्ये घर हाय का गड?" आणि आल्या आल्या पंख्याखालच्या बाबांच्या कॉटवर जी आडवी झाली…

रुपालीकाकूनं आमचे फोटो उतरवले, त्यांच्या लग्नाचा फोटो लावला, आणि आईला पढवायला बसली. "ह्ये बघ, तू माझी मावसबहीन. राहुरीची. चार दिस ऱ्हायला आलीस."

आई म्हणाली, "अन् आमचे हे?"

"दाजी टेम्पोवर गेल्यात."

"अन् ही ज्ञानेश्वरी?"

काकूनं माझ्याकडं पाहिलं. "ती कुठं बोलतीय? तिला बसव कोपऱ्यात."

बसले कोपऱ्यात. विज्ञानाचं पुस्तक तोंडासमोर धरून. माझ्याच घरात मी पाहुणी! आणि आई घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, कारण खोली गेली की काकूला गोठा आहे… आम्हाला काय? पुन्हा टेम्पो. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर, आणि मी कांद्याच्या गोण्यांवर.

मॅडम आल्या. वयानं लहानच, घामाघूम, चेहऱ्यानं अगदी साध्या. मोबाइलवर भिंतीचा फोटो काढ, दाराचा काढ. म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?" एवढंच हो! पण रुपालीकाकू अशी उत्साहानं उठली, पदर खोचला, आत गेली आणि धाडकन दार उघडलं. संडासाचं! उघडलं तसंच लावलं, आणि वळून काय म्हणाली? "ह्ये बंद हाय."

मॅडम म्हणाल्या, "घर तुमचंच ना?"

"व्हय की! नवीन हाय न्हवं अजून!"

"अहो, तीन वर्षं झाली."

"आमाला नवीनच वाटतंय बाई!"

मी पुस्तकाआड ओठ चावून धरले. पाणी शेवटी आईनं दिलं. पंखा वाढवायला काकूनं तीन बटणं दाबली, दिवा लागला, दिवा गेला, पंखाच बंद पडला, आणि कॉटवरून गोजरबाई ओरडली, "कोन हाय गं त्यो? माझं वारं कुनी नेलं?" तरी मॅडम हसल्या, उठल्या, पर्स खांद्याला लावली. संपलं! देव पावला!

आणि तिथंच घात झाला. आमच्या आईची सवय. घरातून सवाष्ण निघाली की कुंकू लावल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. कुणी शिकवावं लागत नाही तिला, हात आपोआप आरशामागं जातो, करंडा काढतो. मॅडमना लावलं. तिथवर ठीक! पण रुपालीकाकूला झाली होती धारांची घाई. ती आपली पायात चपला, काखेत पिशवी, दारात तयार उभी. आईनं वळून तिलाही कुंकू लावलं आणि अगदी तोंडभरून म्हणाली,

"या हं परत!"

मॅडमनी एकदा काकूच्या चपलांकडं पाहिलं, एकदा आईच्या हातातल्या करंड्याकडं. "काय हो… पाहुणी घरमालकिणीला कुंकू लावून वाटेला लावते?"

आई पांढरी फटक. काकूचं तोंड उघडं. गोजरबाई झोपेचं सोंग घेऊन. आणि तुम्हाला सांगते, कोपऱ्यातून एक आवाज आला, चांगला खणखणीत, "आम्हीच निघालोय ना! आई मोठी आहे, मोठी बहीण जाताना धाकटीला लावते!" मी इकडंतिकडं पाहिलं कोण बोललं ते. मीच!

वाचलो? छे! मॅडम चांगल्या होत्या, हाच घोटाळा. लबाड असत्या तर सुटलो असतो. म्हणाल्या, "अय्या, आत्ताच निघालात? राहुरीलाच ना? मी सावेडीला चाललेय, खाली गाडी आहे. तारकपूर स्टँडवर सोडते, चला. उन्हात कुठं तडफडता!"

आता काय करणार? निघालो असं मीच म्हटलेलं. रुपालीकाकूनं आमच्याच दोरीवरचे आमचेच कपडे आमच्याच पिशवीत भरून दिले आणि वर विचारते, "काय ऱ्हायलं तर न्हाई ना गं?" आई म्हणाली, "सगळंच की!"

गाडीत आई देवाचं नाव घेत होती. मी म्हटलं, स्टँडवर उतरू, मॅडम गेल्या की मागं फिरू. पण स्टँडवर राहुरीवरून जाणारी शिर्डीची बस उभीच! मॅडमनी स्वतः आमची पिशवी वर दिली, खिडकीची जागा मिळवली, कंडक्टरला बजावलं, "यांना राहुरीला नीट उतरवा हं." आणि गाडी हलेपर्यंत हात हलवत उभ्या! नागापूर आलं तशी आई उठली. "दादा, इथंच उतरते."

"बसा मावशी, राहुरीला लई वेळ हाय."

"अहो, इथंच काम आठवलं."

"ऊन लागलंय तुम्हाला. मॅडम काय म्हटल्या ऐकलं न्हाई का? पोरी, सांभाळ गं आईला!"

त्यानं थेट राहुरीलाच उतरवलं. हाताला धरून! आता राहुरीत आमचं कोण? कुणीसुद्धा नाही. आम्ही दोघी स्टँडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. आईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ज्ञाना, इथं बरंय नाही? कुणी विचारत नाही, कुठं राहता म्हणून." मला एकदम रडूच आलं. मी म्हटलं, "परतीची गाडी लागली, चल."

घरी आलो तर जिन्यात बाबा. हातात दुधाची पिशवी, पिशवीतलं दूध नासलेलं. "तुम्ही कुठं होतात? मी दार वाजवलं तर आतून म्हातारी म्हणते, कोन पाहिजे? म्हटलं, माझी बायको, माझी मुलगी. तर म्हणते, ती मानसं गेली राहुरीला! अन् दारच उघडेना!"

आईनं हाक मारली तेव्हा कुठं दार उघडलं रुपालीकाकूनं. तोंड एवढंसं. करंड्याचा संशय काही गेला नसणार, मॅडम सावेडीहून परत येऊन गेल्या होत्या, काकू नशिबानं अजून घरातच होती. सांगून गेल्या, यापुढं न कळवता येणार, कधीही, आणि घरची माणसं दिसली नाहीत तर खोली सील. म्हणजे काकूला आता इथं राहणं भाग. आणि गोजरबाई? "मी न्हाई बाई आता त्या पत्र्याखाली यायची. हितं वारं हाय, नळ हाय. अन् ही पाहुनी ऱ्हाऊ दे, भाकरी ग्वाड करती."

पाहुनी! तेव्हापासून असंच चाललंय. काकू पहाटे उठून धारा काढायला पळते, मॅडमच्या भीतीनं धापा टाकत परत येते. काका एकटे म्हशींजवळ, ते म्हणतात, घर मिळालं तेव्हापासून बायकोच दिसत नाही. गोजरबाई कॉटवर, आई-बाबा ओट्याखाली, काकू दाराला पाठ लावून. मी अशी पायरीवर. काकूला आम्ही जायला हवं, पण म्हातारीला सांभाळणार कोण? आम्हालाही जायला हवं, पण जाणार कुठं? काकू आम्हाला काढू शकत नाही, आम्ही निघू शकत नाही, आणि मॅडमच्या मोबाइलमध्ये तर आम्ही कधीच राहुरीला गेलोय! भाडं? देतो की! आधी भाडं भरून घरात राहायचो, आता भाडं भरून राहुरीत राहतो.

परवा बाबा म्हणाले, "नवीन घरकुलाचे अर्ज निघालेत. या वेळी आपणही भरू." आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "भरा. पण राहण्याचा पत्ता काय घालणार?" आता तुम्हीच सांगा, मी राहते कु…

"ज्ञानेश्वरी! अगं ए! मॅडम जिन्यात आली गं, पळ!"

हसीनाचाची! खालच्या मजल्यावरची. गेले हं मी, टाकीमागं. पुस्तक द्या ते इकडं! आणि हे पाहा, तुम्ही मला पाहिलेलं नाही. विचारलंच मॅडमनी तर सांगा, ती मुलगी ना, ती तर केव्हाच राहुरी—