तीन सुनांची एक कंपनी

सांगतो ऐका, त्या दिवशी देवरीत धुकं इतकं दाट होतं की आंगणातली गाय दिसत नव्हती. पण आमच्या घरात सगळे खुशीत! माझ्या तिन्ही सुनांचा धंदा नोंदवायचा होता. थोरलीचे मोहाचे लाडू, मधलीची जवसाची चटणी, धाकटीचा मध; पाकिटांवर तीन वेगळी नावं.

धाकटी म्हणे, "मामाजी, तिघींच्या वेगवेगळ्या कंपन्या करू. एक बुडाली तर बाकीच्या वाचतील."

थोरली म्हणे, "एकच करू, तिच्याखाली तिन्ही नावं. खर्च वाचतो."

मला दोघींचंही पटत होतं, छाती नुसती फुगून राहिली होती.

इतक्यात शेजारचा सोमाजी गावातले दोन म्हातारे घेऊन धावत आला. कुंपणापलीकडून त्यानं अर्धंच ऐकलं होतं. "काऊन गा, तिघी वेगळ्या होऊन राहिल्या? कायले घर फोडता बाप्पा?"

आम्ही हसत सुटलो. धाकटी मात्र हसता हसता थांबली. म्हणाली, "मामाजी, गावाला कुठवर समजावणार? एकच कंपनी करू."

सोमाजी खाटेवर टेकला. म्हणाला, "बेस झालं. नाही तर उद्यापासून चहा कोणत्या कंपनीत मागायचा, हेच मले समजलं नसतं!"