न्हाणीघरातली फोडलेली टाइल

मी, वय ४६ वर्षे, धंदा जुने फ्लॅट विकत घेऊन दुरुस्त करून विकणे, राहणार लाकडाच्या वखारीमागे, पहिला मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील धंदा मी व माझी पत्नी चौदा वर्षे करतो. घर मी हेरतो, रंग आणि टाइल ती ठरवते.

जानेवारीत मी तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट एका निवृत्त पंपचालकाकडून घेतला. त्यांचे वय ७४. सगळे त्यांना काका म्हणतात. पत्नी वारल्यावर ते पलीकडच्या गल्लीत मुलीकडे राहायला गेले.

काम सात आठवडे चालले. काका रोज चारच्या सुमारास येऊन रंगाच्या पालथ्या डब्यावर बसत. गवंडी म्हणे, "काय साहेब, हजेरी लावायला आलात?" ते म्हणत, "पगार देणार असशील तर लाव." न्हाणीघराच्या भिंतीतली पाइप सांध्यात गंजली आहे, ती बदल, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी "बघतो काका" म्हणालो.

मी बघितले नाही. जुन्या टाइलवरच नवीन टाइल चिकटवली की तोडफोड टळते आणि आठवडा वाचतो. त्या भिंतीत पाणी बंद करायचा कॉक होता. भिंत स्वच्छ दिसावी म्हणून त्याची मूठ काढून त्यावरूनही टाइल बसवली. पत्नी म्हणाली होती, "अहो, उद्या पाणी बंद करायची वेळ आली तर?" मी म्हणालो, "गच्चीवरून करतील." गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि तो दुपारी जागेवर नसतो, हे मला माहीत होते.

या महिन्याच्या तीन तारखेला फ्लॅट एका तरुण जोडप्याला विकला. दाराचे कुलूप नवीन आहे असे मी त्यांना सांगितले. नवीन फक्त बाहेरची पट्टी होती.

काल दुपारी अडीच वाजता खालच्या मजल्यावरील बाईंच्या छतातून पाणी गळू लागले. वरच्या घरी कोणी नव्हते. बाईंनी जुन्या सवयीने काकांना फोन केला. काका पान्हा आणि छिन्नी घेऊन आले, जवळच्या जुन्या किल्लीने दार उघडले, टाइल फोडून कॉक बंद केला. हे मला बाईंनी रात्री सांगितले. कॉक बंद होतो तोच नवीन मालकीणबाई परतल्या. न्हाणीघरात छिन्नी घेतलेला अनोळखी माणूस पाहून त्या घाबरल्या व त्यांनी पोलिसांना बोलावले. त्यात त्यांची काही चूक नाही.

त्यांच्या यजमानांनी मला फोन करून, हा माणूस कोण, असे विचारले. मी म्हणालो, "घर विकल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. पाइपही त्यांनीच फोडली असणार." त्यावरून काकांविरुद्ध घरात घुसून नुकसान केल्याची तक्रार झाली.

आज सकाळी दहा वाजता मी आलो तेव्हा काका बाहेरच्या बाकावर होते. त्यांच्या मुलीने मला पाहून तोंड फिरवले. काका म्हणाले, "ये, बस. कॉकचं मी काही बोललो नाही. तुला अजून घरं विकायची आहेत. माझं काय, फार तर ओरडतील." मी बसलो नाही.

पाणी आधी गळत होते, काका नंतर आले. पाइप, कॉक आणि कुलूप यांबद्दल मला पूर्ण माहिती होती. काकांनी काही बिघडवलेले नाही. विक्रीला काढलेल्या माझ्या आणखी दोन फ्लॅटमध्येही कॉक टाइलमागे आहेत. त्यांचे पत्ते मी लिहून दिले आहेत.

हा जबाब मला वाचून दाखवला. फोनवर बोललो ते वाक्य गाळायचे आहे का, असे साहेबांनी विचारले. ते गाळू नये. बाकीही मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करतो.