सड्यावर उतरलेलं विमान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ मार्गदर्शक राजाभाऊ, उम्म अल कुवैनच्या फ्लाइंग क्लबचे मॅनेजर सुरेश नायर साहेब, सत्कारमूर्ती महादू घाडी, आणि दुबई-शारजाचा ट्रॅफिक सोसूनही वेळेवर आलेल्या, म्हणून विशेष आदरास पात्र असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

नायर साहेबांना मराठी येत नाही, तेव्हा त्यांचा माणूस त्यांनी कसा गमावला हे मोकळेपणाने सांगतो. त्यात माझाही हात आहे.

मी विघ्नेश करमरकर, पेशाने ड्राफ्ट्समन. सुटीच्या शुक्रवारी मात्र कॉम्प्युटरवर विमानं बांधतो. घरबसल्या विमान चालवायचा जो सिम्युलेटर असतो, त्यासाठीची मॉडेल्स. माझी पत्नी मृणालिनी याला काय म्हणते ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी क्लबचं चार सीटांचं विमान बांधायला घेतलं. मापं घ्यायला गेलो, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला महादू आला. देवगडकडचा माणूस. पाच वर्षांपूर्वी इथे आला, विमानं धुवायची, ग्रीस भरायचं हे काम. रजा दर वेळी कशानाकशासाठी पुढे गेली. मुलगी संपदा त्याच्या माघारी जन्मली, चार वर्षांची झाली, आणि यानं तिला फोटोतच पाहिलेली.

मॉडेल झालं, पण नाकावरचा पंखा सुरू केला की डगमगायचा. अशा मॉडेलमध्ये फिरणारा प्रत्येक भाग सुटा असतो आणि त्याला आपण आस, म्हणजे तो ज्याभोवती फिरतो ती रेघ, द्यायचा असतो. चाकाला, पंखाच्या झडपेला, पंख्याला. मी आस अगदी मधोमध दिला होता, तीन शुक्रवार पुन्हापुन्हा मोजला होता. माझी मुलगी शुभ्रा म्हणाली, "लुक्स फाइन, बाबा." मला फाइन दिसत नव्हतं. शेवटी महादूला घरी आणून दाखवलं.

तो जरा वेळ बघत राहिला. म्हणाला, "साहेब, ह्यो पंखो वाकडो फिरता."

"ते मलाही दिसतंय रे. का फिरतो?"

"आमच्या विमानाचा इंजिनच तिरका बसवलेला आसा. जरासा खाली, जरासा उजवीकडे. नाक पुसताना रोज हाताक लागता."

मी फोटोवरून पंखा तिरका काढला होता, आणि त्याचा आस मात्र विमानाच्या अंगाबरोबर सरळ ठेवला होता. आस तेवढाच कलवला आणि पंखा गप्प फिरू लागला. इतकी वर्षं विमानं पुसणाऱ्या या माणसाला कोणी कधी एक फेरी मारून आणली होती का? नव्हती. मी विचारलं, "कुठे जायचं, महादू?"

"गावाक," तो म्हणाला.

हिशेब केला. एवढ्याशा विमानाचं पेट्रोल अर्ध्या समुद्रातच संपणार. म्हटलं, "एक बटण दाबलं की टाकी कधीच रिकामी होत नाही."

"नको. खोट्यान पोचान काय करू?"

मग गोव्याहून निघालो. तिथून टाकी पुरते. डाव्या हाताला समुद्र. महादू खुर्चीच्या टोकावर बसून एकेक खाडी मोजत होता. स्क्रीनवर नुसते हिरवे-तपकिरी पट्टे, कुठेतरी कोणाचीही नसलेली घरं. तरी एका खाडीशी त्यानं माझा हात धरला. "हय. ह्यो आमचो सडो. सपाट आसा, उतरा."

धावपट्टी नव्हती, सडा म्हणजे नुसतं कातळाचं पठार. मी उतरवलं. इंजिन बंद केलं.

"हयसून खाली बावीकडे वाट जाता," तो म्हणाला. "ह्या वेळाक ठकू पाण्याक इली असतली."

ठकू म्हणजे ठकुबाई, त्याची बायको. तो स्क्रीनवर ती वाट शोधत बसला. मृणालिनी चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली.

मग तो म्हणाला, "साहेब, माका घराक जावचा आसा."

मी शहाणपणा केला. म्हटलं, "अरे, नायर साहेब तुला मेकॅनिकचा असिस्टंट करताहेत. ही संधी परत येईल का?"

"चेडू मोठा होताहा, साहेब. ता परत ल्हान होतला काय?"

चेडू म्हणजे त्याची मुलगी, संपदा. शनिवारी त्यानं राजीनामा दिला. नायर साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा स्वतः तिकीट काढून दिलं.

एक खासगी गोष्ट सांगतो, अध्यक्षांनी क्षमा करावी. त्यानंतर एका शुक्रवारी मी स्क्रीनवरचं तेच विमान आमच्या पुण्यावर नेलं. नदी सापडली. आई गेल्यानंतर आम्ही तिथलं घर विकलं. चार घिरट्या घातल्या, पण कुठे उतरावं ते ठरेना. खाली कोण होतं माझं? परत फिरलो.

महादू, तुझ्या संपदाला तुझी ओळख पटायला वेळ लागेल. लागू दे. घाई करू नकोस, हिरमुसू नकोस. ठकुबाईंना आमचा सर्वांचा नमस्कार सांग.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाचा, आणि मोठ्या मनाने इथे आल्याबद्दल नायर साहेबांचा आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, घरचं जास्त बोललो असेन, तर ते पोटात घालावं.

आणि महादू, पोचल्यावर मला फोन करायची घाई नको. आठवड्याने कर, महिन्याने कर. मी इथेच आहे.